मोहाला वचनाने उत्तर देण्याची रीत

मनात मोह उठला की त्याच्याशी वाद घालत बसायचं नाही. धर्मग्रंथातलं नेमकं वचन त्याला ऐकवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. ख्रिस्ती साधकांच्या या रीतीचं मूळ मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भुकेलेल्या येशूला सैतान तीनदा गाठतो. धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, माझ्या पाया पड म्हणजे साऱ्या जगाची राज्यं तुझी. तिन्ही वेळा येशू ‘अनुवाद’ या ग्रंथातलं वचन पुढे करतो. मात्र या प्रसंगातली मेख अशी की उडी टाकायला सांगताना सैतानही वचनच म्हणतो, तेही स्तोत्रसंहितेतलं. पाठांतर दोघांचंही पक्कं. कुठलं वचन, केव्हा आणि कशासाठी, हे कळण्यात शहाणपण आहे.

या रीतीचं शास्त्र बनवलं एव्हाग्रियसने. काळ्या समुद्राकाठच्या पोंतुस प्रांतात तो साधारण ३४५ साली जन्मला. राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये चर्चचा अधिकारी आणि नावाजलेला वक्ता झाला. तिथे एका बड्या माणसाच्या बायकोत त्याचा जीव गुंतला, आणि हे आपल्याला झेपणार नाही हे ओळखून तो जेरुसलेमला निघून गेला. तिथेही उंची कपडे आणि थाटमाट सुटेनात. मग लांबलेल्या तापाने त्याने अंथरूण धरलं, तेव्हा मठ चालवणाऱ्या मेलानियाने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि संन्यासाचं वचन मागितलं. पुढे इजिप्तच्या वाळवंटात, नित्रियात आणि मग केल्लियाच्या कुटीत, ३९९ साली मरेपर्यंत तो राहिला. हस्तलिखितांच्या नकला करून पोटापुरतं कमवायचा. मोह म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

लूकिओस नावाच्या साधूच्या विनंतीवरून त्याने ‘अँटिऱ्हेटिकोस’ लिहिलं. ऐन झगड्याच्या वेळी हवं ते वचन चटकन सापडत नाही, कारण वचनं बायबलभर विखुरलेली आहेत. म्हणून त्याने ती वेचून ठेवली. आठ भाग, आठ विचार : खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, मरगळ, लौकिकाची हाव आणि गर्व. प्रत्येक नोंदीत आधी मनात येणारा विचार अगदी बारकाव्याने मांडलेला, मग त्यावरचं वचन. अशा जवळपास पाचशे नोंदी.

त्याची नजर किती तीक्ष्ण होती, ते मरगळीच्या वर्णनात दिसतं. हे वर्णन त्याच्या ‘प्राक्तिकोस’ या दुसऱ्या पुस्तकात आहे. दुपारी सूर्य हललाच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. साधू सारखा खिडकीशी जातो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते पाहतो, कोणी भेटायला येतंय का म्हणून इकडेतिकडे बघतो. मग ही जागाच वाईट, इथे कोणाला माया नाही, देवाची भक्ती कुठेही करता येते, असं मन सांगू लागतं. शेवटचं वाक्य तर निखळ सत्य आहे, आणि म्हणूनच ते सर्वांत घातक.

असे विचार येणं आपल्या हाती नाही, त्यांना मुक्काम करू द्यायचा की नाही एवढंच आपल्या हाती, असं एव्हाग्रियस मानत असे. मला त्याची ही माया फार मोलाची वाटते. पुढे योहान कॅसियन या साधूने आठ विचारांची ही यादी गॉलमध्ये, मार्सेयच्या मठांत नेली. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेल्या ग्रेगरीने ईयोबाच्या ग्रंथावरच्या भाष्यात तिची फेरमांडणी केली : मरगळ खिन्नतेत मिसळली, मत्सर आला, गर्व साऱ्यांचं मूळ ठरून वेगळा निघाला आणि उरले सात. हीच पुढे ‘सात घोर पापं’ झाली. विचारांची पापं झाली आणि प्रत्येकाशेजारचं उत्तर गळून पडलं. कबुलीजबाबाला मोजायला यादी सोयीची झाली खरी, पण दुपारी खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला तिचा उपयोग उरला नाही.

मूळ ग्रंथाचंही नशीब खडतर. ५५३ च्या धर्मपरिषदेच्या सुमारास ओरिजेन या आधीच्या ख्रिस्ती विचारवंताच्या मतांबरोबर एव्हाग्रियसची मतंही पाखंडी ठरली. त्याची काही पुस्तकं नीलोस या दुसऱ्या साधूच्या नावावर टिकली, ‘अँटिऱ्हेटिकोस’ची ग्रीक प्रत मात्र हरवली. सीरियाक बोलणाऱ्या मठांनी आपल्या भाषेत केलेला अनुवाद जपला, पिढ्यान्‌पिढ्या उतरवून काढला. १९१२ साली जर्मन पंडित फ्रँकेनबर्ग यांनी तो छापला.