वनस्पती तुपाच्या कारखान्यातून संगणकाकडे : पारंपरिक उद्योगातील आज्ञावलीकाराचे स्थान (विशेष संदर्भ : अमळनेर)

बीजसंज्ञा : खानदेश, अमळनेर, वनस्पती तूप उद्योग, आज्ञावलीकार, ईडीपी विभाग, विप्रो

प्रस्तावना

शिंदखेडा स्थानकावर भुसावळकडे जाणारी गाडी पकडली की नरडाणा मागे पडते आणि पुढे अमळनेर येते. (शिंदखेडा म्हणजे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यात आहे. चर्चासत्रांत परिचय करून देताना हा घोटाळा अजूनही होतो, म्हणून हा खुलासा.) अमळनेर म्हटले की आपल्यासमोर सखाराम महाराजांची वाडी, साने गुरुजींची प्रताप हायस्कुलातील शिक्षकी, १९१६ साली स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आणि श्रीमंत प्रताप शेठांची कापड गिरणी उभी राहते. भारतातील संगणक व्यवसायाच्या इतिहासात या गावाचे नाव पहिल्या पानावर यावे, ही गोष्ट मात्र आपण बहुधा केवळ अभिमानापुरती सांगतो. तिचा अभ्यास करीत नाही.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. तेल, पोलाद, मोटारी, साखरयंत्रे असा ठोस माल तयार करणाऱ्या मोठ्या व जुन्या कारखानदारीत संगणकाची आज्ञावली लिहिणारा मनुष्य आला, तेव्हा त्याला तेथे कोणते स्थान मिळाले? तो कामगार होता की कारकून, अभियंता होता की आणखी कोणी? आपल्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन पुणे, चाकण, नाशिक येथे जाणाऱ्या मुलामुलींपुढे हा प्रश्न आजही उभा आहे, म्हणून त्याचा ऐतिहासिक मागोवा घेणे अगत्याचे वाटते.

अमळनेरचा कारखाना

२९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. खानदेशातील भुईमूग व अन्य तेलबिया, तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग आणि कापूस व तेलबियांच्या व्यापारात मुरलेली बाजारपेठ यांचा विचार केला, तर ही निवड स्वाभाविक वाटते. कंपनीचे मुख्य उत्पादन वनस्पती तूप हे होते. शुद्ध केलेल्या तेलातून निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करावयाचे, अशी ही प्रक्रिया होय. साजूक तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल मिसळण्याचे सरकारी बंधन होते. तेलशुद्धीत जो साबणगाळ उरतो तोही वाया जात नसे. अशा दुय्यम पदार्थांतूनच '७८७' हा कपडे धुण्याचा साबण निघाला.

हे तपशील येथे मुद्दाम दिले आहेत. तेलाच्या कारखान्याचे अर्थकारण वजन, उतारा आणि भाव या तीन गोष्टींवर चालते. किती शेंग आली, किती तेल निघाले, किती गाळ उरला आणि आज बाजारात काय भाव फुटला, हा हिशेब रोज मांडावा लागतो. संगणक येण्यापूर्वी अशा कारखान्यात आज्ञावलीकाराचे काम मुनीम, वजनकाट्यावरचा कारकून आणि प्रयोगशाळेतील रसायनज्ञ हे तिघे मिळून करीत होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आकडे गोळा करणे, ठरलेल्या नियमाने त्यांची मांडणी करणे आणि त्यावरून उद्याच्या खरेदीचा निर्णय सुचविणे, हे काम अमळनेरला नवे नव्हते.

ऑगस्ट १९६६ मध्ये संस्थापकांचे निधन झाले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणारे एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परतले. पहिल्याच सर्वसाधारण सभेत एका भागधारकाने कंपनी विकून टाकण्याचा सल्ला त्यांना दिला होता, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कंपनी हायड्रॉलिक सिलिंडरांच्या निर्मितीत उतरली. ७ जून १९७७ रोजी तिचे नाव विप्रो प्रॉडक्ट्स असे झाले आणि १९८२ साली केवळ विप्रो उरले. नावातून 'व्हेजिटेबल' हा शब्द गळाला, त्याच सुमारास देशात संगणकाच्या क्षेत्रात मोठी पोकळी निर्माण झाली होती.

खर्चाच्या बाजूचा मनुष्य

ती पोकळी समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतातील व्यापारी उपयोगाचा पहिला संगणक, आयबीएम १४०१, १९६१ साली मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे आला. म्हणजे येथेही आरंभ पारंपरिक उद्योगातच झाला. पुढील दोन दशकांत मोठ्या कारखान्यांत 'ईडीपी' नावाचा विभाग उभा राहिला. छिद्रित पत्रे, वातानुकूलित खोली, कोबोल भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या आणि महिनाअखेरीस निघणारी पगारपत्रके, असे त्याचे स्वरूप होते. हा विभाग बहुधा लेखा विभागाच्या हाताखाली असे. त्यामुळे आज्ञावलीकाराकडे खर्चाचे एक शीर्ष म्हणूनच पाहिले जाई. कारखान्यात जो माल घडवितो तो मिळवितो, बाकीचे खातात, ही जुनी समजूत त्याच्याही वाट्याला आली.

दुसऱ्या बाजूने कामगार संघटनांना हा मनुष्य संशयास्पद वाटला. आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्यास साठच्या दशकात तीव्र विरोध झाला. स्वयंचलनाचा प्रश्न पाहण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याकडे होते व तिचा अहवाल १९७२ साली आला. व्यवस्थापनाला जो खर्चिक वाटतो आणि कामगाराला जो आपली नोकरी घालविणारा वाटतो, अशा दुहेरी अविश्वासात पारंपरिक उद्योगातील आज्ञावलीकाराची पहिली पिढी वावरली. या पिढीचा इतिहास मराठीत लिहिला गेलेला नाही. गिरणी कामगारांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले; परंतु त्याच गिरणीच्या पगारपत्रकाची आज्ञावली लिहिणाऱ्याची दखल ना कामगार चळवळीच्या इतिहासात आहे, ना उद्योगपतींच्या चरित्रांत.

महाराष्ट्रातील काही उदाहरणे तरीही हाताशी आहेत. टाटा समूहाने १९६८ साली सुरू केलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या आरंभीच्या कामांत जमशेदपूरच्या पोलाद कंपनीसाठी छिद्रित पत्रांची सेवा देणे हे एक काम होते. तिची धुरा सांभाळणारे फकीरचंद कोहली टाटांच्या वीज कंपन्यांतून आले होते. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापलेले पाहून सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले व त्या तेथे अभियंता झाल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर त्यांनी पुण्यात वालचंद उद्योगसमूहात वरिष्ठ सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट म्हणून काम केले, हा भाग फारसा सांगितला जात नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पोस्टकार्डापेक्षा ही नोकरी अधिक महत्त्वाची आहे. १९८१ साली पुण्यात नोंदल्या गेलेल्या इन्फोसिसने १९८३ मध्ये बंगळूरला बिऱ्हाड हलविले, त्याचे कारणही तेथील मायको ही मोटारींचे सुटे भाग करणारी कंपनी तिची पहिली भारतीय ग्राहक झाली, हे होते. कारखान्याचे काम मिळाले म्हणून गाव बदलले!

याच स्वरूपाची घटना इंग्लंडमध्ये त्याआधी घडली होती. चहागृहे आणि केक-बिस्किटांचा व्यवसाय करणाऱ्या जे. लायन्स कंपनीने स्वतःचा 'लिओ' नावाचा संगणक बांधला आणि १९५१ साली त्यावर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन सुरू केले. तीन वर्षांत तिला संगणकांसाठी वेगळी कंपनी काढावी लागली. चहा विकणाऱ्यांनी संगणक बांधावा याचे तेथे जे आश्चर्य झाले, तेच आपल्याकडे वनस्पतीवाल्यांबाबत झाले. वस्तुतः पगार, साठा आणि रोजचा भाव यांच्या ओझ्याखाली दबलेल्या उद्योगालाच हिशेबाच्या यंत्राची निकड प्रथम भासते. यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

उत्पन्नाच्या बाजूला

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भांडवली हिस्सा कमी करण्यास नकार देऊन आयबीएमने १९७८ साली भारत सोडला. प्रेमजींनी ही संधी ओळखली. विप्रोचा पहिला लघुसंगणक १९८१ साली बाजारात आला. त्यासाठी लागणारे भांडवल व पत तेल-साबणाच्या धंद्याने पुरविली, पण संगणकाचा विभाग उभा राहिला तो बंगळूरला. संरक्षण व दूरसंचार क्षेत्रातील सार्वजनिक उद्योग आणि विज्ञान संस्था यांमुळे तेथे इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे अभियंते उपलब्ध होते. अमळनेरला ते नव्हते. खानदेशातील महाविद्यालये तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. जळगावचे विद्यापीठ १९९० साली झाले. त्यामुळे अमळनेरवर अन्याय झाला असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. शेंग जेथे पिकते तेथे घाणा येतो, अभियंता जेथे मिळतो तेथे संगणक जातो. प्रश्न असा आहे, की घाणा येऊन पस्तीस वर्षे झाली तरी आपल्याकडे अभियंता का पिकला नाही? त्याचे उत्तर कंपनीकडे मागण्याऐवजी आपल्या शिक्षणसंस्थांच्या इतिहासात शोधावे लागेल.

१९९१ नंतर आयातीवरील बंधने सैल झाली आणि देशी संगणक परदेशी मालापुढे टिकेना. तेव्हा विप्रोने यंत्रे बनविण्यासाठी जमविलेल्या अभियंत्यांचे कौशल्यच परदेशी कंपन्यांना विकण्यास प्रारंभ केला. साबणगाळातून साबण काढणाऱ्या कंपनीला एका धंद्याच्या शिलकीतून दुसरा उभा करणे परके नव्हते. ऑक्टोबर २००० मध्ये कंपनीची नोंद न्यूयॉर्क शेअर बाजारात झाली.

या घडामोडीत आज्ञावलीकार खर्चाच्या बाजूकडून उत्पन्नाच्या बाजूकडे गेला. काम तेच राहिले, पण खतावणीतील पान बदलले. पगारपत्रकाची आज्ञावली आपल्याच कारखान्यासाठी लिहिली तर तो खर्च. तीच दुसऱ्याच्या कारखान्यासाठी लिहून बिल लावले तर तो धंदा. टेल्कोतील अभियांत्रिकी संगणन विभागातून १९८९ साली आरंभलेली व १९९४ साली स्वतंत्र झालेली टाटा टेक्नॉलॉजीज, किंवा जीपगाड्यांच्या महिंद्रांनी १९८६ साली ब्रिटिश टेलिकॉमबरोबर काढलेली कंपनी, ही याच स्थित्यंतराची रूपे होत. जे मागे मूळ कारखान्यातच राहिले, त्यांची स्थिती मात्र वेगळी झाली. जर्मनीत १९७२ साली आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी स्थापन केलेल्या सॅपची पहिली आज्ञावली आयसीआय कंपनीच्या नायलॉन कारखान्यात, तेथील लोकांच्या शेजारी बसून लिहिली गेली. पुढे तीच तयार माल म्हणून जगभर गेली. नव्वदच्या दशकापासून ती आपल्या कारखान्यांत आली, तेव्हा ईडीपी विभागात वर्षानुवर्षे लिहिलेल्या कोबोल आज्ञावल्या एकेक करून बंद झाल्या. त्यांच्याबरोबर त्या कारखान्याचे बारकावे जाणणारे घरचे शहाणपणही निवृत्त झाले.

२०१३ साली विप्रोने तेल-साबण, दिवे, हायड्रॉलिक्स हे सर्व जुने व्यवसाय विप्रो एंटरप्रायझेस या स्वतंत्र कंपनीकडे सोपविले. त्यामुळे अमळनेरचा कारखाना आणि संगणकाचा व्यवसाय हे आज कायद्याने दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत. अमळनेरच्या अनेक घरांत जुन्या भागपत्रांनी सुबत्ता आणली, हे वृत्तपत्रांनी वारंवार छापले आहे. भागधारक होणे आणि आज्ञावलीकार होणे या दोन वाटांपैकी खानदेशाला प्रथम पहिली सापडली, असे खेदाने नव्हे, पण नोंद म्हणून लिहावे लागते.

दुसरी वाट आता चालू लागली आहे. माझा एक माजी विद्यार्थी चाकण परिसरातील एका जुन्या यंत्रभाग कंपनीच्या माहिती तंत्रज्ञान विभागात आहे. दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, "सर, कारखान्यात कॉम्प्युटरवाले म्हणून आम्हाला कोणी मोजत नाही आणि आयटी कंपनीतले मित्र आम्हाला कारखानेवाले समजतात." त्याच्या वडिलांनी आयुष्यभर जिनिंगमध्ये काम केले आहे. ते शेजारीच बसले होते. मुलाचे हात पाहून त्यांनी अहिराणीत विचारले, "कारखानामा काम करस, मंग हातले काळं कसं लागत नही?" मुलगा हसला आणि गेल्या महिन्यात सुट्या भागांच्या साठ्याचा मेळ बसेना म्हणून तो तीन रात्री गोदामात उभे राहून पेट्या मोजत होता, ते सांगू लागला. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग काटा कोन धरे?"