रुमाल सुटल्यावर

गेल्या वर्षी दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका गावातून एक तरुण माझ्याकडे आला. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा ओट्यावरचा जुना दगड सिमेंटात बसवून त्यावर शेंदूर फासला गेला. आता गावात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो तो देवच होता, दुसरा म्हणतो तो आमच्या पूर्वजाचा वीरगळ. “काका, तुम्ही मागे फोटो काढून नेला होता म्हणे. तेवढा दाखवा.”

फोटो मी काढला होता, बहुधा २००९ साली. पण शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतले माझे फोटो आता सव्वा लाखाच्या घरात गेले आहेत, आणि वीरगळ बहुतेक एकाच घाटणीचे असतात: खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. दगड आपले गाव सांगत नाही. तो एक फोटो शोधायला मला अकरा दिवस लागले.

चूक माझीच होती. त्या काळी मी वापरत असलेल्या एका प्रोग्रॅममध्ये गावांची नावे भरली होती, पण ती त्या प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये राहिली. असे सॉफ्टवेअर फोटो आपल्या पोटात घेत नाही. फोटो डिस्कवर जिथल्या तिथे असतात. सॉफ्टवेअर फक्त त्यांचे पत्ते, छोट्या प्रतिमा आणि आपण लिहिलेली माहिती वेगळ्या फाइलमध्ये सांभाळते. मी डिस्क बदलली, फोल्डरांची नावे बदलली. पत्ते चुकले. पुढे तो डेटाबेसही उघडेना.

दफ्तरात काम केलेल्यांना ही गोष्ट नवी वाटू नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल सुटला, कागद दुसऱ्यात गेला, तर त्याची जागा हरवते. तरी मोडी पत्राची एक सोय असते. मायना, चंद्र, माणसांची नावे कागदावरच असतात. साल नसले तरी मजकुरावरून काळ ठरवता येतो. रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराचे ४५ खंड काढले, त्यात हे काम किती झाले असेल! फोटो मात्र मुका. कॅमेरा तारीख नोंदवतो, तीही घड्याळ बरोबर लावले असेल तर.

शिवाय रुमाल दोनशे वर्षे टिकतो, सॉफ्टवेअर टिकत नाही. ॲपलचे ॲपर्चर २००५ मध्ये आले आणि २०१५ मध्ये विक्रीतून गेले. गूगलचे पिकासा २०१६ मध्ये बंद झाले. म्हणून नोंद फोटोच्या फाइलीतच लिहिली पाहिजे. त्यासाठी ॲडोबीने २००१ मध्ये एक्सएमपी ही पद्धत आणली. ती युनिकोडवर चालत असल्याने मराठी नोंदही नीट राहते. (जुन्या फाँटात टाइप केलेल्या माझ्या याद्या आज नुसत्या रांगोळीसारख्या दिसतात.) पण लाइटरूममध्ये फाइलीत आपोआप लिहिण्याची सोय मुळात बंद असते, ती आपण सुरू करायची. मी हल्ली डिजिकॅम वापरतो. ते फुकट आहे. त्यातही ही सेटिंग आधी तपासावी.

हे शहाणपण शिरूर तालुक्यात फार पूर्वी येऊन गेले आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये आला. उत्खननात मिळालेल्या खापरावर स्थळ, खड्डा आणि थर यांची खूण शाईने खापरावरच लिहायची, ही पुरातत्त्वाची साधी शिस्त. वही हरवली तरी खापर बोलते.

खरी डोकेदुखी नावांची. १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये शिरूर ‘सिरूर’ आहे, लोकांच्या तोंडी ते घोडनदी. शिरूर म्हटले तर बीड जिल्ह्यातले शिरूर कासार आणि लातूरचे शिरूर अनंतपाळही हात वर करतात. दौंड रेल्वेच्या जुन्या कागदांत ‘धोंड’ आहे, आणि आजच्या तालुक्याची गावे तेव्हा भीमथडीत शोधावी लागतात. शिरूरची एकच कबर घ्या. कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. इंग्रजी वाचणारा ‘वॉलेस’ शोधील, छावणीचा अभ्यासक ‘छावणी’ शोधील, पण शिरूरकरांनी त्याला ‘सत्पुरुष’ म्हणून मान दिला. त्यातली एकच खूण लावली तर उरलेल्यांना फोटो आहे हे कळणारच नाही. म्हणून आता मी टॅगांची उतरंड केली आहे: जिल्हा, तालुका, गाव, आणि गावाखाली त्याची जुनी-नवी, शुद्ध-अशुद्ध सगळी नावे. या कामाला फोटो काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्याचे कौतुक कोणी करीत नाही.

तो वीरगळ सापडला तो शेजारच्या फोटोमुळे. अगोदरच्या चौकटीत रस्ता, एक म्हैस आणि एसटी थांब्याची पाटी. पाटीवर गावाचे नाव. हललेला, निकामी म्हणून तो मी दोनदा पुसायला निघालो होतो. खापर कोणत्या थरात, कोणाशेजारी सापडले ते महत्त्वाचे, हे वाचले होते. माझ्या फोल्डरांनाही ते लागू असेल असे वाटले नव्हते. आता मी वाईट फोटोही पुसत नाही.

फोटोत तिन्ही पट्टे स्वच्छ दिसतात. वीरगळच आहे. तरुणाने प्रत घेतली, आणि दगडाशेजारी बसलेल्या फेटेवाल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवून विचारले, “हे कोण?” त्या माणसाने मला तासभर गावाची हकिकत सांगितली होती. नाव मी विचारले होते, लिहून घेतले नव्हते. तरुण म्हणाला, “गावात विचारून कळवतो.” तो रकाना अजून रिकामा आहे.