सह्याद्रीतला तांबडा पट्टा

कल्याण सोडून गाडी कर्जतकडे निघाली की उल्हासनगर-अंबरनाथच्या सुमारास उजव्या हाताला मलंगगड दिसतो आणि बदलापूरच्या पुढे चंदेरीचा सुळका. लाल खडकांतली भटकंती म्हटले की आपल्याला जॉर्डनचे किंवा अ‍ॅरिझोनाचे वाळवंट आठवते. आपले डोंगर मात्र काळ्या फत्तराचे. अंबरनाथचे शिवमंदिरही (शके 982, म्हणजे इ.स. 1060) याच काळ्या दगडाचे. तरीही सह्याद्रीत हिंडताना, विशेषतः घाटरस्त्याच्या कापांत, दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा एक पट्टा दिसतो. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर जाडीचा. वाळवंटी वालुकाश्माला आणि या पट्ट्याला रंग देणारे द्रव्य एकच: लोहाचे ऑक्साइड.

कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने 1830च्या दशकात दख्खनच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात आडव्या, एकावर एक रचलेल्या थरांबरोबर या तांबड्या थरांचाही उल्लेख आहे. अशा पायऱ्यापायऱ्यांच्या खडकाला युरोपात ‘ट्रॅप’ म्हणत. स्वीडिश भाषेत ‘त्राप्पा’ म्हणजे पायऱ्या. पुढे भूशास्त्रज्ञांनी या थरांना ‘बोल’ म्हटले. वरून आलेल्या तप्त लाव्हाने खालची माती भाजून लाल झाली, असे एक स्पष्टीकरण दिले जाई. ते अपुरे आहे. लाव्हाचा एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई. तेवढ्यात उन्हापावसाने पृष्ठभाग कुजून त्याची माती होई. म्हणजे काळा थर हा उद्रेकाचा, तांबडा थर विश्रांतीचा.

ही विश्रांती किती वर्षांची? येथे गंमत आहे. युरेनियमपासून शिसे बनण्याच्या वेगावरून वय काढायला झिरकॉनचे स्फटिक सर्वांत भरवशाचे. पण बेसाल्टमध्ये ते क्वचितच असतात. विश्रांतीच्या काळात मात्र दुसऱ्या, स्फोटक ज्वालामुखींची राख या मातीवर बसली आणि तिच्यात झिरकॉन होते! प्रिन्स्टनचे ब्लेअर शोएन, अमरावती विद्यापीठाचे सय्यद खद्री आणि सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेले काम मुख्यतः अशाच थरांवर उभे आहे. मुख्य उद्रेक डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि सुमारे साडेसात लाख वर्षांत आटोपला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

वाद मात्र मिटला नाही. 2019 साली ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोएन यांच्या गटाला उद्रेकाचे चार जोर दिसले, त्यांतला एक मेक्सिकोतील उल्कापाताच्या थोडा आधीचा. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने बेसाल्टचेच आर्गॉन पद्धतीने वय काढले. त्यांच्या मते सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा उल्कापातानंतर बाहेर पडला. पहिले खरे मानले तर डायनोसॉरांच्या अंतात आपल्या डोंगरांचा हात असण्याची शक्यता वाढते. दुसरे खरे मानले तर ती बरीच कमी होते. माझा कल अजून कोणत्याच बाजूला नाही.

हिवाळ्यात मुलांना डोंगरात न्याल तेव्हा असा पट्टा शोधायला सांगा. तो फत्तरापेक्षा मऊ असल्याने आधी झिजतो आणि वरचा कडा पुढे आलेला राहतो. म्हणून मोजमाप घ्यायचे ते कड्याखाली उभे न राहता, बाजूने.