निकाल कोणाचा? बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात शालेय परीक्षांच्या ताणाचा ऐतिहासिक विचार

शालेय परीक्षांच्या ताणाची चर्चा बहुधा मानसशास्त्राच्या अंगाने केली जाते. प्रस्तुत लेखात त्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहिले आहे. मराठीत ‘निकाल’ विद्यार्थ्याचाही लागतो आणि शाळेचाही. हे दोन निकाल एकमेकांत कसे गुंतले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांसाठी निकालानुसार अनुदानाची पद्धत होती. सरकारी तपासनीस परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुलांच्या हिशेबाने शाळेस रक्कम मिळे. साहजिकच मुलाचे अपयश ही शिक्षकाच्या मिळकतीतील तूट ठरली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या पद्धतीवर नेमके बोट ठेवले. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही, त्याला ही पद्धत मानवणारी नाही. तेथे शाळा काढून कोणाही शिक्षकाचा चरितार्थ चालणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बुलढाण्याचा परिसर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिश प्रशासनाखाली आलेल्या वऱ्हाडात तो मोडत होता. तथापि वऱ्हाडातील विद्यार्थी मॅट्रिकला बसत ते मुंबई विद्यापीठाच्याच. अकोल्यात शिकलेले गोपाळ गणेश आगरकर त्यांपैकीच एक. पेपर दूर कोठेतरी निघे, आणि पुढील शिक्षणाचे व सरकारी नोकरीचे दार त्यावर अवलंबून असे.

स्वातंत्र्योत्तर काळात संस्था बदलल्या. १९६६ मध्ये राज्य मंडळ स्थापन झाले, १९७५ पासून अकरावीऐवजी दहावीची परीक्षा सुरू झाली. खाजगी अनुदानित शाळा गावोगाव पोहोचल्या आणि शंभर टक्के निकालाचे फलक प्रवेशद्वारावर झळकू लागले. हा सारा ताण पालकांच्या हव्यासातून आला, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये समाविष्ट झालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या घरात दहावीची गुणपत्रिका ही शेतीबाहेर पडण्याची वाट असते. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील विद्यार्थी आजही पहिल्या दिवशी नावापाठोपाठ दहावीचे टक्के सांगतात.

शिक्षण हक्क कायद्याने एप्रिल २०१० पासून आठवीपर्यंत नापास करणे थांबविले. ताण नाहीसा झाला नाही, तो दहावीकडे सरकला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता.

३ मार्च २०२३ रोजी बारावीचा गणिताचा पेपर सिंदखेडराजा येथे, जिजाऊंच्या जन्मगावी, परीक्षेपूर्वीच फुटला. विषय त्याच दिवशी विधिमंडळात पोहोचला. पोलिसांनी अटक केलेल्यांत शिक्षकही होते. शाळेचा निकाल आणि मुलाचा निकाल या दोहोंची गल्लत इतकी जुनी आहे की, त्या प्रकरणात केवळ व्यक्तींचा दोष शोधून भागणार नाही. त्या सकाळी तोच पेपर स्वतःच्या अभ्यासावर सोडविणारी मुलेही त्याच तालुक्यातील होती. वृत्तपत्रांतील चर्चेत त्यांना फारशी जागा मिळाली नाही.