मोटारगाडीतील वातानुकूलनाचा कुबट वास

मोटारगाडीतील वातानुकूलन यंत्रणा (एसी) सुरू करताच झडपांतून येणारा ओलसर, बुरशीसारखा किंवा आंबूस वास. गॅरेजात ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात त्या प्रशीतकाशी त्याचा बहुधा संबंध नसतो. डॅशबोर्डामागच्या बाष्पित्रावर, म्हणजेच कूलिंग कॉइलवर, वाढलेल्या सूक्ष्मजीवांपासून तो निर्माण होतो.

बाष्पित्र ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांना जोडलेल्या दाट, पातळ पत्र्यांचे बनलेले असते. आतील प्रशीतकाचे बाष्पीभवन होताना त्याचे तापमान शून्याच्या थोडे वर राहील इतके उतरते आणि त्यावरून जाणारी हवा दवबिंदूखाली, म्हणजे जेथे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाखाली, थंड होते. कोकणातील पावसाळ्यात नेहमीची असणारी ३० अंश सेल्सियस तापमानाची व ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा १० अंशांपर्यंत थंड केली, तर दर घनमीटरमागे सुमारे १५ ग्रॅम पाणी सुटते. हे पाणी कॉइलखालच्या तबकात उतरून रबरी नळीवाटे रस्त्यावर पडते, आणि म्हणून एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखालचे थारोळे पाहून चिंता करण्याचे कारण नसते. उकाड्याच्या, दमट दिवसांत ते दिसले नाही तरच निचरा तपासावा.

गाडी बंद झाल्यावर ओली कॉइल अंधाऱ्या, बंदिस्त पेटीत तशीच राहते. धूळ, परागकण, कपड्यांचे तंतू व त्वचेचे कण तिच्यावर चिकटलेले असतातच. त्यांवर जीवाणू आणि क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम यांसारख्या बुरशी वाढून चिकट थर धरतात व बाष्पनशील संयुगे सोडतात. सुकत आलेली कॉइल पुन्हा ओली होऊ लागताच पृष्ठभागाला धरून राहिलेली ही संयुगे सुटी होतात, म्हणून सुरुवातीच्या काही मिनिटांत वास तीव्र वाटतो आणि पुढे विरतो. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना अशा हवेचा त्रास होऊ शकतो.

प्रत्येक वास मात्र कॉइलचा नसतो. गोडसर वास व काचेवर तेलकट धुके दिसल्यास हीटरच्या गाभ्यातून इंजिनाचे कूलंट गळत असण्याची शक्यता असते. सडका वास ब्लोअरजवळ मेलेल्या उंदराचा असू शकतो. आणि समोरच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला असेल, तर निचऱ्याची नळी तुंबून पाणी आत उतरत असावे.

प्रतिबंधाचे मुख्य सूत्र कॉइल कोरडी ठेवणे हे आहे. मुक्काम येण्यापूर्वी काही मिनिटे एसीचे बटण बंद करून ब्लोअर बाहेरच्या हवेवर चालू ठेवावा, असे सर्रास सुचवले जाते. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर ब्लोअर आपोआप चालवण्याची सोयही असते. कोरड्या हवेत हा उपाय उत्तम, पण आषाढातल्या दमट हवेत तो मंद ठरतो, कारण कॉइल दवबिंदूच्या वर तापेपर्यंत तिच्यावर उलट आणखी पाणीच साचते. हीटर बहुधा कॉइलच्या पुढे बसवलेला असल्याने त्याची उष्ण हवा थेट तिच्यावर जात नाही. तिचा उपयोग करायचा तर काचा किंचित उघड्या ठेवून हवा थोडा वेळ आतल्या आत फिरवावी लागते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीत पाला कुजतो आणि बाहेरची हवा तेथूनच आत येते, त्यामुळे ती जागा साफ ठेवणे आवश्यक असते. ग्लोव्ह बॉक्समागे बहुधा असणारा एसी फिल्टर उत्पादकाने सांगितलेल्या अंतराला बदलावा. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवणे ही खोटी काटकसर होय.

वास बसलाच, तर आधी निचऱ्याची नळी मोकळी करून फिल्टर काढावा, मग कॉइलसाठीच बनवलेला फेस तिच्यापर्यंत पोचवून तो विरघळून वाहून जाऊ द्यावा, आणि कॉइल सुकल्यावर नवा फिल्टर बसवावा. घरगुती ब्लीच वापरू नये. त्याने ॲल्युमिनियम गंजते व त्याची वाफ बंद गाडीत घातक ठरते. ओझोन यंत्राने वास काही काळ जातो, पण सूक्ष्मजीवांना पोसणारा मळ जागेवरच राहतो, शिवाय ओझोन फुप्फुसांना अपायकारक व रबराला मारक असल्याने त्या वेळी गाडीत कोणी बसू नये. सुगंधी जेलने फक्त दोन वासांचे मिश्रण तयार होते. थर फार जुना असल्यास कॉइल बाहेर काढून धुणे किंवा बदलणे भाग पडते. त्यासाठी अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि खर्चात मजुरीचाच वाटा मोठा असतो.