मुलांचा खेळ आणि बापाचा अनुभव

मुलाला कोणता खेळ खेळू द्यावा, हा प्रश्न अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरीही उभा राहिला होता. थिओडोर रूझवेल्ट बालपणी दम्याने बेजार. व्यायामानेच त्यांनी शरीर कमावले. म्हणून मैदानी खेळांवर त्यांची श्रद्धा. परंतु अमेरिकन फुटबॉलमध्ये तरुण प्राणांस मुकू लागले, तेव्हा ऑक्टोबर १९०५ मध्ये त्यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात हार्वर्डकडून खेळताना त्यांच्या मुलाचे नाक मोडले. तरीही त्यांनी बंदी मागितली नाही. १९०६ मध्ये नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. मुष्टियुद्धात खुद्द रूझवेल्टांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली! बापाचा अनुभव मुलाला मैदानावर नेतो. त्याला सांभाळतात ते मात्र खेळाचे नियमच.