खेळाडूनिवड (ड्राफ्ट व लिलाव)

लीग स्पर्धेतील संघांमध्ये खेळाडू वाटून देण्याची पद्धत. कोपर, डोंबिवली, दिवा, ठाणे या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या आणि बॉक्स क्रिकेटच्या लीग भरतात. तिथले पहिले वाद बहुधा या वाटपावरूनच होतात.

कॅप्टनांनी आळीपाळीने गडी मागून घ्यायचे, ही सर्वांत जुनी रीत. चार संघ आणि चार फेऱ्या धरल्या, तर पहिल्या कॅप्टनच्या वाट्याला १, ५, ९, १३ हे क्रमांक येतात आणि शेवटच्याच्या ४, ८, १२, १६. बेरीज अनुक्रमे २८ आणि ४०. क्रम ठरवणाऱ्या एका चिठ्ठीने पडलेला हा फरक पुढे भरून निघत नाही.

यावर उपाय म्हणजे दर फेरीला क्रम उलटा करणे, म्हणजेच स्नेक ड्राफ्ट. यात प्रत्येकाची बेरीज ३४ येते. तरीही वाटप समान होत नाही, कारण पहिल्या आणि दुसऱ्या खेळाडूत जेवढे अंतर असते तेवढे पंधराव्या-सोळाव्यात नसते. म्हणून तिसरी फेरीही शेवटच्याच कॅप्टनपासून सुरू करावी. त्याला ४, ५, ९, १६ मिळतात आणि पहिल्याला १, ८, १२, १३. बेरीज तीच राहते, पण पहिल्या चिठ्ठीचा फायदा आटोक्यात येतो.

क्रम न उलटण्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण आयपीएलमधले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पुणे आणि राजकोट या नव्या संघांनी ड्राफ्टमधून पाच-पाच खेळाडू घेतले. पहिली निवड पुण्याची होती. त्यांनी धोनीला घेतले, राजकोटने रैनाला. पुढे क्रम न उलटता रहाणे पुण्याकडे आणि जडेजा राजकोटकडे गेला. उलटा क्रम असता तर रैनापाठोपाठचा खेळाडूही राजकोटनेच निवडला असता.

लिलावात क्रमाचा प्रश्नच राहत नाही, कारण समान पर्स (बोलीसाठीची ठरलेली रक्कम) असलेल्या प्रत्येकाला कोणत्याही नावावर बोली लावता येते. न्यूयॉर्कमध्ये १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी सुरू केलेली बेसबॉलची रोटिसरी ही फँटसी लीग लिलावावरच चाले. आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर मार्च २०२४ मध्ये झालेल्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामाचे सहा संघही लिलावातूनच उभे राहिले. ड्रीम११ सारख्या फँटसी खेळात मात्र एकच खेळाडू कितीही जणांना घेता येत असल्यामुळे वाटपाची वेळच येत नाही.

लिलावातली खरी गळती ‘आयकॉन’, म्हणजे बोलीविना संघाला आधीच दिलेल्या खेळाडूपाशी असते. आयपीएलमध्ये २००८ साली आयकॉनला संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त मोबदला ठरला होता आणि तो पर्समधूनच वजा होई. हैदराबादच्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने तर संघाच्या हाती बोलीला जास्त पैसे राहावेत म्हणून आयकॉनपद सोडले. गल्लीतल्या लीगमध्ये आयकॉन फुकट दिला, तर ज्याच्याकडे चांगला बॅट्समन आहे तो ओनर लिलावाआधीच पुढे जातो.

तेव्हा छोट्या लीगसाठी समान पॉइंटची पर्स असलेला लिलाव सर्वांत न्याय्य, मात्र आयकॉनचे पॉइंट पर्समधून कापलेच पाहिजेत. लिलावाला वेळ नसेल तर तिसरी फेरी उलटवलेला स्नेक ड्राफ्ट घ्यावा. आयोजकांनी यातली कोणतीही पद्धत पहिली चिठ्ठी उचलण्याआधी कागदावर लिहून सगळ्या कॅप्टनांच्या सह्या घ्याव्यात.